पुण्याहून पहिल्यांदाच रेल्वेने निघताय?

सुरुवातीला सगळं पाठ करायची गरज नाही. गाडीचा नंबर बघा. १२ किंवा २२ ने सुरू होत असेल तर ती सुपरफास्ट, तिला वेगळा अधिभार लागतो. डेक्कन क्वीन १२१२४ आहे, तर डेक्कन एक्सप्रेस ११००८. दोन्ही मुंबईलाच जातात! घाई नसेल तर दुसरी चालेल, पण फरक थोड्याच रुपयांचा आहे, त्यावरून घरात वाद नको.

खरे पैसे वाचतात ते डबा निवडताना. मुंबईसारख्या तीन-चार तासांच्या दिवसाच्या प्रवासाला एसी चेअर कार कशाला? सेकंड सीटिंगमध्ये आरक्षित जागा मिळते आणि भाडं बरंच कमी पडतं. खंडाळ्याच्या घाटात उघड्या खिडकीची हवा फुकट. वंदे भारत झकास आहे, पण महाग. राजधानी, दुरांतोमध्ये जागा भरत जातात तसं भाडं चढतं, म्हणून लवकर काढा.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:
- दिवाळीचं तिकीट दसऱ्याला शोधतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं.
- वेटिंगचं ऑनलाइन तिकीट घेऊन गाडीत चढतात. चार्ट (जागावाटपाची अंतिम यादी) लागल्यावरही ते वेटिंगच राहिलं तर आपोआप रद्द होतं. आरएसी (कुणी तिकीट रद्द केलं तर पूर्ण बर्थ मिळू शकेल असं आरक्षण) असेल तर मात्र बिनधास्त चढा, बसायला जागा मिळते.
- सगळी भिस्त तत्काळवर, म्हणजे ऐनवेळी काढायच्या तिकिटावर ठेवतात. ते महाग असतं आणि कन्फर्म तिकीट रद्द केलं तर परतावा नाही.

कोटा, तुकड्यातुकड्यांचं आरक्षण वगैरे नंतर सांगेन. आधी एकदा कोल्हापूरला जाऊन या.