एकेकटे गुणाचे, एकत्र आले की भांडण : स्कायरिमच्या मॉड्सवर तुमचे प्रश्न

यावेळी मेलबॉक्स उघडला तर निम्म्याहून जास्त पत्रं स्कायरिम या व्हिडिओ गेमचीच. गेम आला ११ नोव्हेंबर २०११ ला, त्याला आता किती वर्षं झाली ते तुम्हीच मोजा, पण लोक अजून मॉड (गेममध्ये बदल करणाऱ्या, चाहत्यांनी बनवलेल्या फाइली) टाकतायत आणि गेम अजून क्रॅश होतोय. मग म्हटलं हा कॉलम त्यालाच देऊन टाकू.

प्रश्न : दादा, माझ्याकडे स्पेशल एडिशन (गेमची नंतरची आवृत्ती) आहे, पावणेदोनशेच्या आसपास मॉड्स टाकलेत, सगळे नेक्सस या मॉड्सच्या साइटवरचे टॉपचे, लाखांनी डाऊनलोड झालेले. लूट या टूलने सॉर्ट केलं, एकही वॉर्निंग नाही. तरी व्हाइटरन शहराच्या गेटमधून आत गेलं की गेम बंद पडतो. कधी नाही पडला तर साथीदार लिडियाचं तोंड काळंठिक्कर दिसतं, बाकी अंग गोरं. लिस्टचा स्क्रीनशॉट जोडलाय. नेमका कुठला मॉड काढू? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भावा, लिस्ट बघितली. वाईट मॉड त्यात एकही नाही, गोची तिथेच आहे. लाखो डाऊनलोड म्हणजे तो मॉड एकटा नीट चालतो एवढंच, तुझ्या बाकीच्या पावणेदोनशेंशी त्याचं जमतं अशी हमी कोणी दिलेली नाही. आणि लूटचं म्हणशील तर ते फक्त प्लगइनचा (मॉडची मुख्य फाइल) क्रम लावतं, कोणाला कोणाचा मास्टर (आधी लोड व्हायला हवी अशी फाइल) लागतो, कोण कोणाच्या खाली हवा वगैरे. दोन मॉड्स एकाच गोष्टीवर हात मारत असतील तर ते भांडण लूट मिटवत नाही, फक्त जिंकणार कोण ते ठरवतं.

आधी लिडियाचं घेऊ म्हणजे सगळाच प्रकार कळेल. तुझ्याकडे एक मॉड तिचा चेहरा बदलतो आणि दुसरा फॉलोअर्सवाला (साथीदारांचा) तिची लढायची पद्धत बदलतो. तुला वाटतं चेहरा एकाचा आणि लढाई दुसऱ्याची येईल, पण गेम तसं करत नाही. लिडिया हा अख्खा एक रेकॉर्ड (गेमच्या डेटातली एक नोंद) आहे आणि लोड ऑर्डरमध्ये (प्लगइन लोड होण्याच्या क्रमात) जो प्लगइन सगळ्यात खाली, म्हणजे शेवटी, त्याचा पूर्ण रेकॉर्ड लागतो, भिंतीवर पोस्टरवर पोस्टर चिकटवल्यावर वरचं तेवढं दिसतं तसं. आता गंमत अशी की चेहऱ्याची जाळी (मेश, म्हणजे आकार) आणि रंगाचं टेक्स्चर (आकारावर चढवलेलं चित्र) प्लगइनमध्ये नसतंच, ते फेसजेन नावाच्या वेगळ्या फाइलींमध्ये असतं, आणि त्या फाइलींचा क्रम मॉड ऑर्गनायझर या मॉड सांभाळायच्या प्रोग्राममध्ये डावीकडच्या यादीत ठरतो, प्लगइनचा उजवीकडच्या. तुझ्याकडे उजवीकडे फॉलोअर्सवाला जिंकलाय आणि डावीकडे चेहरेवाला. रेकॉर्ड म्हणतो नाक असं, फाइल म्हणते नाक तसं, दोघांचं जुळत नाही म्हणून गेम काळा चेहरा दाखवतो.

उपाय काय, तर एसएसई-एडिट (प्लगइन आतून बघायचं, बदलायचं टूल) उघड, सगळे प्लगइन लोड होऊ दे (चहा घेऊन ये तोवर), लिडियाचा रेकॉर्ड शोध. प्रत्येक प्लगइनचा एकेक उभा रकाना दिसेल, सगळ्यात उजवीकडचा जिंकणारा. जिंकणाऱ्या रेकॉर्डची कॉपी राइट क्लिक करून नव्या प्लगइनमध्ये घे, मग चेहरेवाल्या मॉडच्या रकान्यातून हेड पार्ट्स, केसांचा रंग, टिंट (चेहऱ्यावरच्या रंगछटा) आणि चेहऱ्याची मापं ओढून या नव्यात टाक, लढाईचं आहे तसं राहू दे. नव्या प्लगइनला ईएसएल फ्लॅग (हलका प्लगइन अशी खूण) लाव म्हणजे तो २५४ प्लगइनच्या मर्यादेत मोजला जात नाही, आणि सगळ्यात खाली ठेव. झाला तुझा पॅच, म्हणजे दोन मॉड जुळवून देणारी फाइल. ऐकायला भारी वाटतं पण खरं तर ओढून सोडायचंच काम आहे, एकदा केलंस की दुसऱ्यांदा हात आपोआप चालतो.

आता व्हाइटरन. तुझ्या लिस्टमध्ये जेकेज स्कायरिम (शहरं सजवणारा मॉड) पण आहे आणि ओपन सिटीज पण आहे, आणि दोघांमधला पॅच मला कुठे दिसला नाही. मूळ गेममध्ये व्हाइटरन बाहेरच्या जगात नसतंच, गेटवर लोडिंग स्क्रीन येते ना ती त्यासाठीच, आत गेलं की वेगळी वर्ल्डस्पेस, म्हणजे वेगळंच जग. ओपन सिटीज ते शहर उचलून बाहेरच्या जगात आणतं. मग जेकेने लावलेली झाडं, दुकानं, खांब सगळं त्या जुन्या बंद व्हाइटरनमध्ये पडून राहतं आणि तू उभा असतोस नव्यात. म्हणून ओपन सिटीज घेणाऱ्याने शहराला हात लावणाऱ्या प्रत्येक मॉडचा पॅच शोधायचा, आणि तो मिळत नसेल तर दोनपैकी एक सोडायचा. मला विचारशील तर ओपन सिटीज सोड. घोड्यावरून थेट शहरात शिरायला मजा येते खरी पण पहिल्यांदाच एवढी मोठी लिस्ट करणाऱ्याने तो व्याप मागे लावून घेऊ नये.

पण क्रॅश त्यानेच होतोय असं मी छातीठोक सांगणार नाही. क्रॅश लॉगर (गेम कुठे बंद पडला ते लिहून ठेवणारा मॉड) टाक, डॉक्युमेंट्समध्ये माय गेम्सच्या आत स्कायरिमच्या फोल्डरमध्ये एसकेएसई (बऱ्याच मॉड्सना लागणारं, गेमला जोडून चालणारं टूल) म्हणून फोल्डर आहे, लॉग तिथे पडतो. त्यात एखाद्या मेशचं नाव सापडलं तर ती फाइल कुठल्या मॉडची ते बघ, जुन्या २०११ च्या गेममधून तशीच उचललेली मेश असू शकते. मॉड ऑर्गनायझर फॉर्म ४३ म्हणून वॉर्निंगचं चिन्ह दाखवतो ते पण बघ, म्हणजे तो प्लगइन जुन्या गेमसाठीच सेव्ह केलेला आहे. आणि एसएसई-एडिटमध्ये एखाद्या प्लगइनने नॅवमेश, म्हणजे पात्रांना कुठून चालायचं ते सांगणारी जाळी, डिलीट केलेली दिसली तर शहरातल्या क्रॅशचा पहिला संशय त्याच्यावर.

आणि पुढच्या वेळी लिस्ट करशील तेव्हा उलटीकडून कर. आधी मोठे चार ठरव, प्रत्येक जागेला एकच. शहरांसाठी एक, आतल्या उजेडासाठी एक (लक्स किंवा ईएलएफएक्स, दोन्ही नाही, खोल्यांचे दिवे दोघंही बदलतात), हवामानासाठी एक, पर्कसाठी (लेव्हल वाढली की घ्यायच्या खास कौशल्यांसाठी) एक. ऑर्डिनेटर आणि व्होक्री दोन्ही टाकलेले लोक मी बघितलेत, अरे एकाच माणसाचे मॉड आहेत ते आणि पर्कची झाडं दोन्ही बदलतात, एकत्र टाकून काय मिळणार? ईएनबी प्रीसेट (ग्राफिक्स सुधारणाऱ्या टूलची तयार सेटिंग) घेशील तर तो कुठल्या हवामानाच्या मॉडसाठी बनवलाय ते त्याच्या पानावरच लिहिलेलं असतं, हवामान आधी आणि प्रीसेट नंतर. हे चार पक्के झाले की बाकी सगळं त्यांच्याभोवती निवडायचं, म्हणजे नवीन मॉड दिसला की स्क्रीनशॉट बघायच्या आधी त्याच्या पानावर रिक्वायरमेंट्स आणि कंपॅटिबिलिटी वाचायचं, आणि खाली पोस्ट्समध्ये आपल्या चार मॉड्सची नावं सर्च करायची.

अजून एक, दरोडेखोरांना नवीन कपडे, शस्त्रं असले मॉड घेताना एसपीआयडी हे सामान वाटायचं टूल वापरणारे बघ. ते रेकॉर्डला हात न लावता गेम चालू असताना सामान वाटतात म्हणून असे दहा मॉड टाकलेस तरी रेकॉर्डवरून भांडण नाही. जे थेट लेव्हल्ड लिस्ट (कोणाकडे काय सापडेल त्याची यादी) बदलतात त्यांचं मात्र शेवटचा जिंकतो, त्यांच्यासाठी राय बॅश या टूलचा बॅश्ड पॅच (त्या याद्या एकत्र करणारी फाइल) करावा लागतो.

प्रश्न : काल गेम सुरू केला तर एसकेएसईची एरर. परवापर्यंत सगळं छान चालत होतं, मी काहीच बदललं नाही! – पुण्याहून एक वाचक

उत्तर : तुम्ही नाही, स्टीमने (गेम विकणारं आणि अपडेट करणारं अॅप) बदललं. एसकेएसई गेमच्या नेमक्या व्हर्जनला बांधलेलं असतं, गेमची ईएक्सई (मुख्य प्रोग्राम फाइल) बदलली की ते चालत नाही, आणि त्याच्यावर बसलेले डीएलएलवाले मॉड्सही रुसतात. डिसेंबर २०२३ मध्ये १.६.११३० आलं तेव्हा कितीतरी लोकांच्या लिस्ट अशाच झोपल्या होत्या, पाठोपाठ जानेवारी २०२४ मध्ये १.६.११७०. गेमच्या ईएक्सईवर राइट क्लिक करून व्हर्जन बघा आणि त्याच्याच जोडीचं एसकेएसई घ्या, ११७० साठी २.२.६ आणि जुन्या १.५.९७ साठी २.०.२०. गेम गॉग या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून घेतला असेल तर एसकेएसईची बिल्ड वेगळी लागते, स्टीमवाली चालत नाही. अॅड्रेस लायब्ररी या एसकेएसईवाल्या मॉड्सना लागणाऱ्या मॉडमध्येही १.५ आणि १.६ च्या फाइली वेगळ्या आहेत, बरेच जण एसकेएसई बदलतात आणि ही विसरतात. मग स्टीममध्ये प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अपडेट फक्त गेम लाँच केल्यावर असं ठेवा आणि इथून पुढे स्टीमच्या प्ले बटणाला हात लावू नका, कायम एसकेएसईच्या लोडरवरून. गेम प्रोग्राम फाइल्समध्ये असेल तर तिथूनही हलवा, विंडोज त्या फोल्डरमध्ये नसती लुडबुड करतं.

प्रश्न : लेव्हल ४० ला आलोय. एक सर्व्हायव्हल मॉड नकोसा झालाय, काढला तर सेव्ह राहील ना? – अमरावती

उत्तर : उघडेल, पण भरवसा नाही. स्क्रिप्ट (गेममध्ये चालणारा कोड) असलेला मॉड सेव्हमध्येच मुरतो, मॉड काढला तरी त्याच्या स्क्रिप्टचे अवशेष आतच राहतात, आणि काही लगेच बिघडत नाही, वीस तासांनी एखादा क्वेस्ट अडकतो तेव्हा कळतं. मॉडच्या स्वतःच्या मेनूत बंद करायचं बटण असेल तर तेवढं दाबा आणि मॉड जागेवर राहू द्या. रीसेव्हर या टूलने सेव्ह साफ करता येते असं सांगणारे भेटतील, करता येतेही, पण मी ते जुन्या सेव्हची कॉपी ठेवल्याशिवाय करणार नाही. नुसते टेक्स्चर किंवा मेशचे मॉड मात्र खुशाल काढा घाला.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे, दिवसभर हे मॉड की काय ते उतरवत असतो. लॅपटॉपला व्हायरस लागेल का? आणि त्यात नको ते काही असतं का? – एक आई, ठाणे

उत्तर : ताई, नेक्ससवर अपलोड होणारी फाइल स्कॅन होते त्यामुळे तिथल्या मॉड्सची फार काळजी नको. काळजी आहे ती कोणीतरी चॅटवर पाठवलेल्या पासवर्डवाल्या झिपची, आणि पैसे देऊन घ्यायचा मॉड फुकट देतो म्हणणाऱ्या साइटची, तिथून काही घ्यायचं नाही एवढं त्याला सांगा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो, असतं. पण मोठ्यांसाठीचे मॉड्स तिथे मुळात लपवलेले असतात, लॉगिन करून सेटिंगमध्ये मुद्दाम चालू केले तरच दिसतात. ते सेटिंग एकदा त्याच्यासोबत बसूनच बघा. आणि गेम स्वतःच लहान मुलांचा नाही हो, मारामारी भरपूर आहे, हेही ध्यानात घ्या. दहावीचं मी बोलत नाही, ते तुम्ही बघाल.

प्रश्न : ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आहे. फोर के (खूप मोठ्या रिझोल्युशनचे) टेक्स्चर टाकले तर मॉड आपसात भांडतील का? – लातूर

उत्तर : आपसात नाही भांडणार, तुमच्या कार्डाशी भांडतील. टेक्स्चर एकमेकांवर ओव्हरराइट होतात, खालचा जिंकतो, विषय संपला. पण व्हीरॅम (कार्डाची मेमरी) भरली की गेम अडखळायला लागतो. डोंगर आणि जमीन टू के, टोपल्या, बाटल्या, चीजची चाकं वन के. चीजच्या चाकाला फोर के टेक्स्चर लावणारे लोक या जगात आहेत, आपण त्यातले नको.

प्रश्न : प्लेस्टेशनवर हे सगळं होईल का? – मडगाव

उत्तर : नाही. तिथले मॉड्स गेममध्ये आधीपासून असलेलंच सामान वापरू शकतात, बाहेरून नवीन मेश, टेक्स्चर आणता येत नाही आणि एसकेएसईही नाही. उजेड, हवामान, पर्क असले मॉड मिळतात, त्यात वरचा एका जागेला एकच वाला हिशोब तसाच लागू. लूट नाही, त्यामुळे क्रम हातानेच लावा आणि अनऑफिशियल पॅच (मूळ गेममधल्या चुका दुरुस्त करणारा मॉड) सगळ्यात वर ठेवा.