सायकॉलॉजीला आले आणि एसडी काढत बसले!

प्रश्न: ताई, मी पुण्यात एसवाय बीएला आहे, सायकॉलॉजी स्पेशल घेतलंय. बारावीपर्यंत सगळं मराठी मीडियम, सातारा जिल्ह्यातल्या गावात. मैत्रिणी काही झालं की माझ्याकडेच रडायला येतात म्हणून वाटलं हाच आपला विषय. पण इथे नुसतं मीन, मीडियन, एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते), आणि प्रॅक्टिकलला रेघा मोजायच्या नि जर्नल लिहायचं. यात माणसं कुठायत? घरी गेलं की आत्या विचारते, सांग बघू माझ्या मनात काय चाललंय. मी चुकीचा विषय घेतला का? आणि बीए झाल्यावर काउन्सेलिंग सुरू करता येईल ना, वडिलांना तेच सांगून ॲडमिशन घेतलीय.

उत्तर: आधी वडिलांचं बघू. नाही गं, बीएवर काउन्सेलिंग नाही करता येत, म्हणजे पाटी लावून बसलेले भेटतील तुला पण तू त्यातली होऊ नकोस. निदान एमए लागतं, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर त्यापुढे रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडिया म्हणजे आरसीआयची मान्यता असलेला कोर्स आणि त्यांच्याकडे रजिस्ट्रेशन, हे १९९२ च्या कायद्यातच आहे. मान्यता असलेल्या कॉलेजांची यादी त्यांच्या वेबसाइटवर असते, फी भरायच्या आधी ती बघायची. आणि औषधं लिहून देणारा तो सायकियाट्रिस्ट, तो एमबीबीएस करून पुढे एमडी वगैरे केलेला डॉक्टर असतो, हा फरक घरी एकदा नीट सांगून टाक, नाहीतर लग्नात सगळे तुला डॉक्टरीणबाई म्हणत फिरतील.

आता रेघांचं. तू म्हणतेस तो म्युलर-लायरचा दृष्टिभ्रमाचा प्रयोग असणार, सारख्याच लांबीच्या दोन रेघा, एकीच्या टोकांना बाण आणि दुसरीच्या टोकांना उलटे फाटे, फाट्यांवाली लांब दिसते. १८८९ पासून लोक मोजतायत ती. आमच्या वेळी मी मावशीला सब्जेक्ट म्हणून, म्हणजे जिच्यावर प्रयोग करायचा ती म्हणून, पकडून आणलं होतं, तिला म्हटलं ही पट्टी सरकवून एक रेघ लांब-आखूड कर आणि दोन्ही रेघा सारख्या वाटल्या की थांब. थांबली. मी मागे स्केलवर बघते तर चांगला दोन सेंटीमीटरचा फरक. मग मी तिला सगळं समजावलं, बाणांमुळे फसायला होतं वगैरे, मावशी म्हणाली बरं बरं आता कळलं, आणि परत जवळपास तिथेच आणून थांबवली! मी स्वतः करून बघितलं तर मीही तिथेच.

तर ते रीडिंग चाळीस वेळा का घ्यायचं, अर्ध्या वेळा पट्टी आखूड करून सुरुवात आणि अर्ध्या वेळा लांब करून, कधी डावीकडून कधी उजवीकडून, हे सर लिहून देतात आणि आपण उतरवून काढतो. पण विचार कर, मावशीचा हात जिथून सुरू होतो तिकडे थोडा ओढला जातो, ती ओढ दोन्ही बाजूंनी घेतली की ॲव्हरेजमध्ये कटते आणि उरतो तो खरा भास. एसडी म्हणजे मावशी प्रत्येक वेळी किती वेगवेगळं वागली. मग आहे की नाही माणूस त्यात? तुला वाटतंय आकडे माणसाच्या आड येतायत, मला विचारशील तर आड येतो तो आपला अंदाज, 'मला माणसं बरोबर कळतात' हा. मैत्रिणी रडायला येतात हा गुणच आहे तुझा, पण त्यातल्या किती जणींना तुझ्या सल्ल्याने बरं वाटलं आणि किती जणी चार दिवसांनी आपोआपच बऱ्या झाल्या असत्या, हे तुला कसं कळणार? त्यासाठीच ते सगळं स्टॅटिस्टिक्स.

मराठी मीडियमचं तू विचारलं नाहीयेस पण मला त्यात दिसलं. मराठी पुस्तकात अभिसंधान वाचलं की काही बोध होत नाही, इंग्रजीत कंडिशनिंग वाचलं की स्पेलिंग पाठ होतं फक्त. तुझ्या गावात धारेची बादली खडखडली की म्हैस पान्हा सोडते ना, अजून सडाला हातही लागलेला नसतो? तेच ते, एका खुणेशी सवयीने गाठ बसणं. पाव्हलॉव्हचा कुत्रा, खाणं येणार या खुणेनेच लाळ गाळणारा, तो पेपरात लिही, पण डोक्यात म्हैस ठेव. शहरातल्या मुलींना हे उदाहरण सापडणार नाही.

आणि आत्याला सांग, आम्हाला मन वाचायला नाही शिकवत, तूच सांग काय चाललंय. बघ, तासभर बोलेल.

प्रश्न: माझी मुलगी टीवायला मानसशास्त्र शिकते. हल्ली घरात मला ओसीडी (तेच तेच विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होण्याचा आजार), भावाला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) आणि आजीला डिप्रेशन आहे असं सांगते. स्वतःलाही काहीतरी आहे म्हणते, ते दर आठवड्याला बदलतं. काळजी करावी का? (एक बाबा, नाशिक)

उत्तर: ॲबनॉर्मल सायकॉलॉजीचा, म्हणजे मानसिक आजारांचा, पेपर चालू असणार. मेडिकलच्या मुलांचंही असंच होतं, जो रोग शिकतात तो स्वतःला झालेला असतो. तिला एवढंच विचारा, की तुमच्या पुस्तकात लक्षणं किती दिवस असावी लागतात आणि रोजच्या कामात किती अडथळा यावा लागतो ते लिहिलंय ना, मग माझं मोजलंस का? तुम्ही गॅस दोनदा बंद करून बघता तेवढ्याने ओसीडी होत नाही. मात्र तिची झोप, जेवण, कॉलेजला जाणं यात खरंच फरक पडला असेल तर हसण्यावारी नेऊ नका, डॉक्टरांना दाखवा, किंवा सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं. आणि आजीचं एकदा तुम्ही स्वतः जाऊन बघा हं, पोरीचं बाकी सगळं चुकलं तरी ते कदाचित बरोबर असेल.