दारापर्यंतची थंडी

प्रश्न: ताई, माझा मुलगा साडेसहा वर्षांचा आहे आणि मुलगी तीन वर्षांची. आम्ही राहतो तिथे हिवाळा चांगला पाच महिने मुक्काम ठोकून असतो, बर्फ, वारा आणि साडेचारला अंधार. उन्हाळ्यात ज्यांना हाका मारून मारून घरात आणावं लागतं ती ही मुलं आता सोफ्यावरून हलत नाहीत. बाहेर जाऊया म्हटलं की मुलगा "थंडी आहे" म्हणून टॅबलेट घेऊन पांघरुणात शिरतो. धाकटीला कपडे चढवता चढवता मलाच घाम फुटतो आणि सगळं घालून झालं की तिला शू लागते. सासूबाई फोनवर रोज बजावतात, मुलांना बाहेर काढू नकोस, सर्दी होईल. नवरा म्हणतो थंडी संपली की खेळतील. तोपर्यंत घरात उड्या, मारामाऱ्या आणि रात्री अकरापर्यंत जागरण. खरं सांगू का, मलाही बाहेर जायचा कंटाळा येतो. काय करू?
– वैतागलेली आई

उत्तर: अगं, "मलाही कंटाळा येतो" हे तू शेवटी हळूच टाकलंयस पण खरी मेख तिथेच आहे. मुलं आईबाबांच्या तोंडाकडे बघतात. आपण खिडकीशी उभं राहून "बापरे काय गारठा" म्हणायचं आणि पुढच्या मिनिटाला "जा बरं बाहेर खेळायला" म्हणायचं, मग साडेसहा वर्षांचा माणूस तरी कशाला जाईल? माझ्या पोरांच्या वेळी मीही हेच करायचे, त्यामुळे लाज वाटून घेऊ नकोस.

मला दोन मुलांमागे धावून एक कळलं, मुलांना थंडीचा कंटाळा नसतो, बाहेर पडण्याचा असतो. सोफा ते दार हे अंतर सगळ्यात अवघड. एकदा दहा मिनिटं बाहेर काढली की तीच मुलं आत यायला तयार नसतात. म्हणून सगळी अक्कल दाराशी खर्च कर, बाहेर काय करायचं ते नंतर बघू.

पहिली गोष्ट, शाळेतून आल्यावर घरात शिरूच नकोस. जॅकेट, बूट, टोपी सगळं अंगावर असतंच, तसंच वीस मिनिटं बाहेर राहा. एकदा का आत गेलात, कपडे निघाले, हीटरची ऊब लागली की मग कुणाचा बाप त्यांना बाहेर काढू शकत नाही. मी याच्यासाठी धाकटीची ढकलगाडी आणि गरम दुधाचा थर्मास सोबतच घेऊन शाळेच्या दाराशी जायचे.

सुट्टीच्या दिवशी मात्र कपड्यांचा सोहळा चुकत नाही. आधी शू, मग बाकी सगळं, आणि तिला विचारायचं नाही, नेऊन बसवायचं, विचारलं की "नाही आली" हेच उत्तर येतं. मग अंगाला लागून लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा पातळ थर, सुती नको, सुती कपडा घाम पिऊन ओला बसतो आणि ओलं अंग भराभर गार पडतं. त्यावर फ्लीस, म्हणजे मऊ, लवदार उबदार कापडाचं जॅकेट, आणि सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं. आपल्याला जितके थर लागतात त्याहून एक जास्त मुलांना, असा ढोबळ नियम डॉक्टरही सांगतात, कारण लहान शरीराला वजनाच्या मानाने कातडी जास्त असते आणि ऊब लवकर निसटते. ढकलगाडीत नुसतं बसलेल्या मुलाला पळणाऱ्या मुलापेक्षा जास्त पांघरूण लागतं, हे आपण चालता चालता विसरतो.

हातांसाठी पाच बोटांच्या ग्लोव्हजपेक्षा मिटन्स घे, चार बोटं एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात. आणि दोन जोड्या घे. धाकटीच्या मिटनमध्ये अंगठा जागेवर गेलाय का ते बाहेरून चाचपून बघ, नाहीतर तो मुठीत दुमडलेला असतो आणि ती बिचारी रडते कशाला तेच आपल्याला कळत नाही. मोज्यांवर मोजे चढवून पाय बुटात कोंबू नकोस. घट्ट बुटात रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट गारठतात. एक जाड लोकरी मोजा आणि बुटात बोटं हलतील एवढी जागा, बस. बाहेर असताना अधूनमधून कॉलरच्या आत मानेला बोट लावून बघ, गरम आणि कोरडी असेल तर ठीक, घामेजली असेल तर एक थर काढ.

आता सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांच्या पोटात माया आहे. पण सर्दी होते व्हायरसने, आणि तो बंद खिडक्यांच्या गर्दीच्या खोलीत जास्त आरामात फिरतो. बाहेर गेल्यावर नाक गळतं ते खरं, पण नाक थंड कोरडी हवा आत घेताना तिला गरम आणि ओलसर करतं, त्यातलं पाणी बाहेर येतं. आत आल्यावर थोड्या वेळाने थांबतं. फक्त त्या गळक्या नाकाने व्हिडिओ कॉल लावू नकोस म्हणजे झालं.

नवऱ्याला सांगायला थोडे आकडे देते. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी म्हणते, आणि ३-४ वर्षांच्यांना दिवसभरात मिळून १८० मिनिटं, त्यातली ६० तरी धावपळीची. हे सगळं एका दमात नको, तुकड्या-तुकड्यांनी चालतं, आणि घरातला नाचसुद्धा त्यात धरायचा. मग बाहेरच कशाला? उजेडासाठी. घरात दिवे लावून डोळ्यापर्यंत जेमतेम ३००-५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड येतो, बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा काही हजार. दिवसाच्या उजेडाने झोपेचं घड्याळ जागेवर राहतं, म्हणजे तुझ्या रात्री अकराच्या भानगडीचा एक धागा इथे आहे. डोळ्यांचंही तेच. चीनमधल्या ग्वांगझूमध्ये पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर नेलं, त्याचे निकाल २०१५ मध्ये आले. तीन वर्षांत लांबचं धूसर दिसायला लागण्याचं (मायोपियाचं) प्रमाण बाहेर जाणाऱ्यांत १०० मागे साधारण ३० आणि बाकीच्यांत ४० च्या आसपास होतं. व्हिटॅमिन डीची आशा मात्र ठेवू नकोस, विषुववृत्तापासून बरंच लांब असलेल्या भागात हिवाळ्यातल्या तिरप्या उन्हाने ते फारसं तयार होत नाही, थेंब द्यायचे का ते डॉक्टरांना विचार.

बाहेर नेऊन "खेळा" म्हणून नुसतं सोडू नकोस. थंडीत उभं राहिलं की गारठतं आणि गारठलं की घरची आठवण येते. काम दे. छोटं फावडं देऊन पायवाट साफ करायला लाव, मुलांना खऱ्या कामाचा फार माज चढतो. रात्री एका वाडग्यात पाणी, त्यात वाळलेलं पान आणि एक दोरी टाकून बाहेर ठेवा, सकाळी बर्फाची चकती तयार, ती झाडाला टांगायची आणि किती दिवसांनी वितळते ते रोज जाऊन बघायचं. आता रोज जायला कारण झालं की नाही! बर्फ पडत असेल तर गडद रंगाच्या मिटनवर एक कण झेलून भिंगाने बघायचा, श्वास रोखून हं, नाहीतर तो बघता बघता पाणी होतो. सहा टोकं मोजेपर्यंत माझा मुलगा, जो एरवी दोन मिनिटं गप्प बसत नाही, पुतळ्यासारखा उभा राहायचा. आणि अंधाराचं रडगाणं नको, प्रत्येकाच्या हातात टॉर्च दे आणि अंगावर चमकणारी पट्टी लाव, पावलांचे ठसे शोधायला टॉर्चच बरा.

टॅबलेटची लालूच मात्र दाखवू नकोस. "बाहेर जाऊन आलास तर टॅबलेट" म्हटलं की बाहेर जाणं ही शिक्षा होते आणि टॅबलेट बक्षीस.

कधी जायचं नाही तेही सांगते. नुसतं तापमान बघू नकोस, वारा बघ. उणे १० ला ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर अंगाला उणे २० सारखं लागतं. वाऱ्यासकट उणे २८ च्या खाली गेलं की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, त्या दिवशी सरळ घरात गाद्यांचा डोंगर करा. गाल, नाक, कान पांढरट दिसले तर लगेच आत, चोळायचं नाही, बर्फाने तर अजिबातच नाही, उबदार तळहात नुसता टेकवायचा. कडक लागत असेल किंवा बधिरपणा जात नसेल तर डॉक्टर. मफलर घसरगुंडीवर अडकतो, त्याऐवजी गळ्यात घालायचा नेकवॉर्मर आण. गाडीतल्या चाइल्ड सीटमध्ये फुगीर जॅकेट काढून पट्टा आवळ, जॅकेट वरून पांघर. स्लेजवर, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीवर, बसून, पाय पुढे, डोक्यात हेल्मेट, आणि उतार रस्त्यावर संपणारा नको. गोठलेल्या तळ्यावर आपल्या अंदाजाने पाय ठेवायचा नाही, कितीही घट्ट दिसू दे.

आणि तुझा कंटाळा? स्वतःसाठी एक चांगलं जॅकेट आणि बूट घे. आपण मुलांना नखशिखांत झाकतो आणि स्वतः पातळ पँटमध्ये कुडकुडत "चला आता पुरे" म्हणत राहतो.

प्रश्न: माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला दमा आहे. थंडीत पळाली की खोकते. तिला घरातच ठेवू का?

उत्तर: नका ठेवू, पण डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पळवूही नका. थंड कोरड्या हवेने श्वासनळ्या आकसतात. नाक-तोंडावर नेकवॉर्मर ओढला की आत जाणारी हवा थोडी ऊबदार होते. एकदम धावायला न लावता आधी दहा मिनिटं नुसतं चालू द्या. खेळण्याआधी इन्हेलर घ्यायचा का हे डॉक्टर सांगतील, आणि तो तुमच्या आतल्या खिशात ठेवा, बाहेरच्या खिशात तो गारठून नीट चालत नाही.

प्रश्न: मुलगी बारा वर्षांची. बर्फात खेळणं म्हणजे लहान मुलांचं काम म्हणते, खोलीतून बाहेर येत नाही.

उत्तर: बरोबर बोलतेय ती, तुमच्यासोबत नाही येणार. तिच्या मैत्रिणीला बोलवा, दोघींना स्केटिंगला सोडा आणि तुम्ही लांबच्या बाकावर बसा, फोटो काढू नका.