हरण्या झालेल्या केळीला औषध का नाही?

प्रश्न : मृगबागेत (जून-जुलैच्या लागवडीत) टिश्यूकल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांची केळी लावली. ऑगस्टमध्ये ढगाळ हवा लागली आणि पानांवर पिवळे पट्टे दिसू लागले. काही झाडांचा पोंगा (मधले गुंडाळलेले कोवळे पान) सडला. बुरशीनाशक आणि स्ट्रेप्टोमायसिन दोन्ही फवारले, तरी उतार नाही. आता काय करावे?
— केळी उत्पादक, ता. रावेर

उत्तर : हा हरण्याच आहे, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस (सीएमव्ही) या विषाणूचा रोग. बुरशीनाशक बुरशीच्या पेशीवर घाव घालते, स्ट्रेप्टोमायसिन जिवाणूच्या. विषाणूला स्वतःची पेशीच नसते. सीएमव्हीचा कण साधारण 29 नॅनोमीटरचा : बाहेर प्रथिनाचे कवच, आत आरएनए, म्हणजे त्याची जनुकीय माहिती. तो केळीच्या पेशीत शिरला की पेशीचीच यंत्रणा त्याच्या नकला काढते. त्यामुळे लागण झालेले झाड पुन्हा बरे होत नाही. थंड, ढगाळ हवेत लक्षणे तीव्र होतात. ऊन पडल्यावर नवे पान बरे दिसले, तरी विषाणू आत असतोच. असे झाड ठेवू नका.

प्रसार मावा ही रस शोषणारी बारीक कीड करते, विशेषतः कपाशी आणि काकडीवरचा. रोगट पानात सोंड खुपसल्यावर अगदी काही सेकंदांत, फार तर मिनिटभरात विषाणू सोंडेला लागतो आणि पुढच्या झाडात तितक्याच झटपट उतरतो. कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत त्याचे काम झालेले असते. म्हणून फवारणी मावा कमी करते, पण बाहेरून उडत येणारा मावा थांबवत नाही. खरा उपाय म्हणजे विषाणूचा साठाच शेतातून काढणे.

पहिले तीन-चार महिने दर 4-5 दिवसांनी सकाळी प्रत्येक ओळ पाहा. पट्टे दिसलेल्या झाडावर आधी मावानाशक फवारा, नाहीतर उपटताना मावा शेजारच्या झाडावर जातो. मग झाड गड्ड्यासकट (जमिनीतल्या कंदासकट) काढा. गड्डा राहिला की त्यातून फुटणारे पिल रोग घेऊनच वर येते, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. काढलेली झाडे बांधावर टाकू नका. बागेपासून दूर जाळा किंवा खोल पुरा. सीएमव्ही नुसत्या मातीत टिकत नाही, त्यामुळे त्याच जागी निरोगी रोपाने नांग्या (रिकाम्या जागा) भरता येतात. रोगट बागेतले पिल मात्र कधीच वापरू नका.

बांधावरचा केना आणि इतर तण काढा. केळीत काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो, वांगी यांचे आंतरपीक नको; हा विषाणू हजारावर प्रकारच्या वनस्पतींवर जगतो. माव्यासाठी 5 टक्के निंबोळी अर्क घ्या : 5 किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, 100 लिटर करा. रासायनिक औषध घ्यायचे तर केळीसाठी शिफारस असलेलेच, लेबलवरच्या मात्रेत.

प्रश्न : टिश्यूकल्चरच्या रोपात रोग येतोच कसा?

उत्तर : मातृझाडात विषाणू असेल, तर त्यापासून केलेल्या हजारो रोपांत तो जातो. म्हणून मातृझाडाची आणि रोपांची विषाणू चाचणी झालेली हवी. रोपे घेताना त्या बॅचचे प्रमाणपत्र मागा. निरोगी आलेल्या रोपालाही शेतात मावा लागण करतोच, हे विसरू नका.

प्रश्न : गाईला लम्पीची (अंगावर गाठी आणणाऱ्या विषाणूजन्य रोगाची) लस देतात, मग केळीला का नाही?

उत्तर : गाईच्या शरीरात प्रतिपिंडे (विषाणूला ओळखून अडवणारी प्रथिने) बनतात आणि आधीच्या विषाणूची ओळख राहते. लम्पीचा विषाणू शेळ्यांच्या देवीच्या विषाणूचा जवळचा, म्हणून 2022 च्या साथीत शेळ्यांच्या देवीची लस वापरली गेली. केळीकडे प्रतिपिंडे नाहीत. झाड विषाणूचा आरएनए कापून प्रतिकार करते खरे, पण सीएमव्हीचे एक प्रथिन नेमका तोच प्रतिकार दाबते. गोठ्यासाठी एवढे पाळा : लस साथ येण्याआधी द्या, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आजारी जनावर वेगळे बांधा, माशा, डास, गोचिड आवरा, आणि प्रत्येक जनावराला नवी सुई वापरायला सांगा.