राष्ट्रगीत चालू असताना खेळाडूंनी निषेध केला तर तो अपमान होतो का?

मले तरी नाही वाटत बा. अमेरिकेत २०१६ मध्ये अमेरिकन फुटबॉल खेळणारा कॉलिन कॅपर्निक आधी राष्ट्रगीताले बसूनच राहायचा, काळ्या लोकांवर पोलिसांचा जो जुलूम चालते त्याच्या निषेधात, मंग नेट बोयर नावाच्या माजी सैनिकानंच त्याले सांगितलं का बसू नको, गुडघा टेक, सैनिक आपल्या शहीद साथीदाराच्या कबरीपुढं टेकतात तसा. आता यात अपमान कुठून आला? तरी पुढच्या सीझनपासून त्याले एकाही टीमनं घेतलं नाही.

आपल्याकडं १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टानं केरळच्या तीन पोरांच्या केसमध्ये म्हटलंच आहे, मानानं उभे राहिले पण गायलं नाही तर तो अपमान नाही. हां, मुद्दाम गोंधळ घालून राष्ट्रगीत बंद पाडलं तर गोष्ट वेगळी, त्याले ३ वर्षांपर्यंत जेल आहे.

अन् आमच्या गावात १५ ऑगस्टले झेडपी शाळेत येऊन पाहा, 'जन गण मन' चालू अन् मागं एक भाऊ हातात खर्र्याची पन्नी घोटत उभा, 'जय हे' संपलं का तोंडात अन् दोन मिनिटांत पिचकारी शाळेच्याच भिंतीवर. त्याले कोणी देशद्रोही म्हणत नाही.