‘अनकूथ’ आणि ‘अज्ञात’

प्रश्न : ‘अनकूथ’ या इंग्रजी विशेषणाचा अर्थ शब्दकोशात ‘असभ्य, गावंढळ’ असा दिलेला आढळतो. त्यातील ‘अन’ नकारदर्शक असेल, तर ‘कूथ’ म्हणजे ‘सभ्य’ असे समजावे का?

उत्तर : तर्क स्वाभाविक आहे, पण शब्दाचा इतिहास निराळा आहे. जुन्या इंग्रजीत ‘जाणणे’ या अर्थाचे ‘कुन्नान’ असे क्रियापद होते, ज्यातून आजचे ‘कॅन’ आले. ‘कूथ’ हे त्याचेच धातुसाधित असून त्याचा अर्थ ‘माहीत असलेला, ओळखीचा’ असा होता. म्हणून ‘अनकूथ’ म्हणजे मुळात केवळ अनोळखी. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितातून आपल्यापर्यंत आलेल्या ‘बेवुल्फ’ या जुन्या इंग्रजीतील काव्यात राक्षसीच्या डोहाकडे नेणाऱ्या अरुंद वाटेला हेच विशेषण लावले आहे.

मराठी वाचकाला अधिक जवळची वाटावी अशी गोष्ट म्हणजे संस्कृतातील ‘अज्ञात’ आणि हा शब्द सख्खी भावंडे आहेत. संस्कृतातील नकारवाचक ‘अ’ (स्वरापूर्वी ‘अन्’) आणि इंग्रजीतील ‘अन’ एकाच मुळाचे. ‘ज्ञा’ धातू आणि ‘कुन्नान’ हेही एकाच मुळाचे. मूळच्या ‘ग’सारख्या ध्वनीचा जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन यांच्या कुळात) ‘क’ झाला, आणि पुढे इंग्रजीत ‘थ’पूर्वीचा ‘न’ लोपला. ‘दन्त’ या शब्दाच्या इंग्रजी भावंडातला, म्हणजे ‘टूथ’मधला, ‘न’ असाच गेला आहे. जर्मन भाषेतील ‘कुंड’ (माहीत असलेला) या शब्दात मात्र तो अजून टिकून आहे.

अर्थ बदलला तो हळूहळू : जे ओळखीचे नाही ते विचित्र वाटते, विचित्र ते बेढब, आणि माणसाच्या बाबतीत बेढब म्हणजे असंस्कृत. शेक्सपिअरच्या ‘ॲज यू लाइक इट’मध्ये ऑर्लँडो अरण्याला ‘अनकूथ’ म्हणतो, तेव्हा अर्थ या वाटेच्या मध्यावर आहे. तिथे ‘गावंढळ’ असे भाषांतर करणे ही चूकच ठरेल, ‘अनोळखी, निबिड’ हेच योग्य. परक्याला असभ्य ठरवण्याची ही वृत्ती एका शब्दात इतकी स्पष्ट उमटलेली क्वचितच दिसते.

‘सभ्य’ या अर्थाचा ‘कूथ’ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘अनकूथ’वरून उलट दिशेने, गमतीने घडवला गेला. जुन्या ‘कूथ’चा खरा वारस स्कॉटलंडमधील ‘कूथी’ हा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ आहे आपुलकीचा, मनमिळाऊ.