व्हिडिओ फाइल उघडल्याने संगणक दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकतो का?

प्रश्न : राजारामपुरीत माझा लग्नाच्या शूटिंगचा आणि एडिटिंगचा स्टुडिओ आहे. ग्राहक नातेवाइकांनी घेतलेल्या क्लिप पेनड्राइव्हवर आणून देतात. मीडिया प्लेअरमध्ये ‘बफर ओव्हरफ्लो’ हा दोष असल्यास नुसती फाइल चालवल्यानेही संगणकाचा ताबा घेता येतो, असे वाचनात आले. व्हिडिओ म्हणजे काही प्रोग्राम नव्हे. मग हे कसे घडते?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे. व्हिडिओ फाइल स्वतः काहीच करत नाही; परंतु ती वाचणारा प्लेअर हा प्रोग्रामच असतो आणि खोट असते ती त्याच्या वाचण्यात. फाइलमधला मजकूर ठेवण्यासाठी प्लेअर मेमरीत जी जागा राखतो, तिला बफर म्हणतात. समजा, राखलेली जागा २५६ बाइटची आहे आणि फाइलमधून १००० बाइट येत आहेत. काळजीपूर्वक लिहिलेला प्रोग्राम अशा वेळी तिथेच थांबतो. मात्र बहुतेक प्लेअर ज्या सी भाषेत लिहिलेले असतात, तिच्यात ही तपासणी आपोआप होत नाही. ती करायची राहून गेली, तर उरलेले ७४४ बाइट शेजारच्या जागेवर लिहिले जातात. हातातले काम संपल्यावर प्रोग्रामने कुठे परतायचे, याचा पत्ता पुष्कळदा त्याच शेजारात असतो. तो पत्ता हवा तसा बदलला जाईल अशा बेताने फाइल रचलेली असेल, तर प्लेअर परततो तो हल्लेखोराने फाइलमध्येच दडवलेल्या सूचनांकडे.

विनॲम्प या गाणी वाजवणाऱ्या प्लेअरच्या ५.१२ आवृत्तीत यासाठी व्हिडिओही लागत नव्हता. गाण्यांची यादी असलेल्या पीएलएस फाइलमध्ये पहिल्या गाण्याच्या नावाच्या जागी अवाच्या सवा लांब नाव घातले की काम होत असे. २००६ साली ५.१३ आवृत्ती काढून तो दोष दूर करावा लागला. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या ३.०.७ पूर्वीच्या आवृत्त्यांतही बफर ओव्हरफ्लोचा दोष होता. जून २०१९ मध्ये ती आवृत्ती आली, तेव्हा युरोपीय संघाच्या पैशातून दोष शोधणाऱ्यांना बक्षिसे दिली गेल्यामुळे अनेक दुरुस्त्या एकदम झाल्या. असे दोष सापडणे हे प्लेअर टाकाऊ असल्याचे लक्षण नव्हे; माझ्या मते, ज्याचे दोष कोणी शोधतच नाही तो प्लेअर अधिक धोक्याचा.

बहुतेक वेळा अशा फाइलने प्लेअर नुसता बंद पडतो, कारण आजच्या ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीतील पत्ते दर वेळी बदलतात आणि मजकुराच्या जागेतून सूचना चालू देत नाहीत. तरीही या बंदोबस्ताला बगल देण्याचे मार्ग काढले जातात, म्हणून प्लेअर अद्ययावत ठेवणे हाच मुख्य उपाय होय. २०२२ मध्ये भारतात व्हीएलसीचे अधिकृत संकेतस्थळ काही महिने बंद होते. त्या काळात आपण तो दुसरीकडून घेतला असेल, तर काढून टाकून अधिकृत स्थळावरून पुन्हा घ्यावा. ग्राहकांचे पेनड्राइव्ह शक्यतो वेगळ्या संगणकावर, ॲडमिनिस्ट्रेटर नसलेल्या खात्यातून उघडावेत. ज्या संगणकावर इतरांच्या लग्नाचे एकमेव फुटेज आहे, त्यावर तर मुळीच उघडू नयेत.

प्रश्न : मी चित्रपटांच्या सबटायटलच्या फाइल इंटरनेटवरून वेगळ्या उतरवून घेते. त्या तर साध्या अक्षरांच्या असतात. त्यांचाही धोका आहे का?
– एक विद्यार्थिनी, शिवाजी विद्यापीठ परिसर

उत्तर : होय. व्हीएलसी, कोडी, पॉपकॉर्न टाइम आणि स्ट्रेमिओ या चारही प्लेअरवर सबटायटलच्या फाइलमधून हल्ला करता येतो, हे चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी मे २०१७ मध्ये दाखवून दिले. सबटायटलचे अनेक प्रकार प्रचलित असल्याने प्रत्येकासाठी वाचनाचा वेगळा कोड लिहावा लागतो आणि तिथेच चुका राहतात. ते दोष नंतर दुरुस्त झाले. परंतु आपल्या लॅपटॉपवर त्याआधीची आवृत्ती असेल, तर ती दुरुस्ती आपल्यापर्यंत पोहोचलेलीच नाही. प्लेअरच्या ‘हेल्प’ मेनूत आवृत्तीचा क्रमांक आजच पाहून घ्यावा.